जाडजूड बघून पाठवले

ता. ९ सप्टेंबर

फिनेलताईस,

धाकटीचा लांबूनच नमस्कार. लांबून अशासाठी, की जवळ आलीस तर नाक दाबून पळत सुटशील. हा कागदसुद्धा दोन दिवस उन्हात ठेवून मग लिहायला घेतलाय, तरी वास गेला नसेल तर माफ कर.

आमचं ठाणं म्हणजे पाण्यात रोवलेल्या खांबांवरच्या चार खोल्या. पूर पसरलाय, त्यामुळे चारी बाजूंना नजर जाईल तिथवर पाणी, आणि पाण्याखाली कुरण. फोनला रेंज नाही, आठवड्याला एक लाँच येते, तीच टपाल आणते आणि तीच बटाटे. ज्या ओव्हनमध्ये मासे वाळवते त्याच्यावरच माझा टॉवेल वाळतो, दुसरी कोरडी जागाच नाही. चहाला मासळीचा वास, उशीला मासळीचा वास. पाण्यातल्या ओंडक्यांवरचं बुळबुळीत शेवाळ मी टूथब्रशने खरवडून बाटलीत भरते. परवा आमच्या स्वयंपाक्याने चुकून तोच ब्रश उचलला आणि दात घासले. मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

तू मागे विचारलं होतंस, एवढं शिकून मी करते काय. तर ऐक. पुरात एवढं गवत, एवढी झाडं पाण्याखाली जातात आणि मासे पोसले जातात. ते नेमके कशावर पोसले जातात, गवतावर, पानांवर की त्या शेवाळावर? पोट उघडून कळतं ते कालचं जेवण. अंगी काय लागलं ते मांसात कळतं. कार्बन हलका आणि भारी अशा दोन तऱ्हांचा असतो. शेवाळात त्यांचं प्रमाण एक, गवतात दुसरं, झाडात तिसरं, आणि जो जे खातो त्याचा आकडा त्याच्या अंगात उतरतो. म्हणून मांस वाळवायचं, खलबत्त्यात कुटायचं आणि पूड शहरातल्या मशीनला पाठवायची. आतापर्यंत सगळे मासे एकच सांगताहेत, शेवाळ! गवताचे ढीग नुसते कुजतात आणि अख्खी नदी त्या शेंबडासारख्या थरावर जगते. तू मला शेंबडी म्हणायचीस ते वाया गेलं नाही बघ.

आता काम. आपल्या गावामागचं तळं आठवतं ना, नदीने जुनी वाट सोडली तेव्हा मागे राहिलेलं? दर पुरात वरच्या तोंडाने नदी त्यात शिरते. ते तोंड बांध घालून बुजवायचं पाणीखात्याच्या मनात आहे, आणि त्यांनी आमच्या सरांना विचारलंय की तळ्यातल्या माशांचं नदीवाचून अडतं का. अडत असेल तर बांध नाही. बांध झाला तर काकांनी जाळी गुंडाळून ठेवायची, कारण त्यांचा सगळा धंदा त्या तोंडाशी. वडील गेल्यावर आपल्याला त्याच जाळ्यांनी खाऊ घातलंय. तर मला तळ्यातले चपटे मासे पाठव, बर्फात घालून. साधेच, जसे जाळ्यात येतील तसे.

तुझी,
शेंबडी

ता. २१ सप्टेंबर

शेंबडीस अनेक आशीर्वाद आणि एक साबण. साबण वेगळ्या पुडक्यात आहे, वापर.

पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. त्या स्वयंपाक्याला आधी सांग! आणि टॉवेल जाळून टाक, मी नवे दोन पाठवते. अगं, मुलीच्या जातीला काही शोभेल असं शिकली असतीस. इथे शेजारीण विचारते, बहीण काय करते, मी सांगते नदीवर मोठी साहेबीण आहे. शेवाळ खरवडते हे कुठल्या तोंडाने सांगू?

मासे पाठवतेय. तू साधे म्हणालीस, पण बहिणीला पाठवायचे आणि हडकुळे पाठवायचे? माझ्याच्याने नाही होत बाई. ह्यांच्या शेडवरच्या माणसाला सांगितलं, त्याने चांगले जाडजूड बघून काढून दिले. पोटं फाडून, आतडी काढून, खवले घासून, तीन पाण्यांनी धुऊन मग बर्फात घातलेत. नाहीतर वाटेत वास मारला असता. नेहमीचा सुकवलेल्या माशांचा डबाही सोबत आहे. तेही ह्यांच्याच माणसाने आणलेले, मी स्वतः मीठ लावून गच्चीवर वाळवलेत, वर जाळी टाकून, एक माशी बसू दिली नाही.

ह्यांची तळ्याकाठची कोंबड्यांची शेड आता बघशील तर ओळखणार नाहीस. खाली-वर पांढऱ्या फरश्या, माणसांना टोप्या, हातमोजे. हॉटेलवाले येऊन बघून जातात. मी अजून आत गेले नाही, मला रक्त बघवत नाही, पण बाहेरून अगदी दवाखाना वाटतो. बांध झाला की तळं ह्यांना मक्त्याने मिळणार आहे, मासे वाढवायला.

काकांचं म्हणशील तर त्यांचे मासे मी हल्ली घेत नाही. काटेच काटे, वर शेवाळाचा वास. ह्यांच्या ताटात कसे वाढू? काका येतात, पायरीवर बसतात, मी चहा देते. कप वेगळा ठेवलाय. रागावू नकोस, त्यांच्या हाताचा वास कपाला चार दिवस राहतो.

तुझी ताई

ता. १८ ऑक्टोबर

ताई,

काकांना वेगळा कप! तुला काही लाज? असो, तोंड उघडलं तर थांबायची नाही मी.

आतडी काढून मासे पाठवणारी तू जगातली एकटीच असशील. पोटात काय होतं ते मला बघायचं होतं ना गं! पण मांस पुरलं. आणि बस खाली, म्हणजे पडणार नाहीस. तुझे मासे गवतावर जगलेत! शेवाळाचा मागमूस नाही. सगळे शास्त्रज्ञ सांगतात की पुराच्या मैदानात गवत असतं ढीगभर आणि त्याचा उपयोग शून्य. आणि आपल्या गावच्या तळ्यातले चपटे, माझ्या ताईने पाठवलेले, ते मात्र गवत खाऊन गलेलठ्ठ! सरांनी आकडे पाहिले आणि खुर्चीतून उठलेच. मला म्हणाले, हे छापून आलं तर तुझं नाव होईल. मी त्या रात्रीच्या जेवणाला तुझ्या डब्यातले चार मासे तळले आणि सगळ्यांना वाटले.

एक गोष्ट मात्र मनाला टोचतेय. सरांनी लागलीच पाणीखात्याला कळवून टाकलं की ह्या तळ्यातले मासे काठच्या गवतावर जगतात, त्यांना नदीची गरज दिसत नाही. मी म्हटलं, थांबू या, नायट्रोजनचे आकडे यायचेत, मशीनचा तो भाग बिघडलाय. ते म्हणाले, कार्बनने सगळं सांगितलंय. ताई, म्हणजे माझ्याच आकड्यांवर बांध होणार. काकांना तू सांगू नकोस, मी सांगेन. कसं सांगायचं ते मला ठरवू दे.

शेंबडी

ता. ३० ऑक्टोबर

प्रिय शेंबडे,

तुझं पत्र ह्यांनीच मोठ्याने वाचून दाखवलं. इतके खूश झाले की काय सांगू. "मेहुणीने नाव काढलं," म्हणून चार जणांना सांगत सुटलेत. पाणीखात्याचा साहेब घरी जेवायला येऊन गेला. बांधाची बैठक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे, नुसती सही व्हायची राहिलीय म्हणे.

काकांना सांगायची वेळच आली नाही, त्यांना गावातून कळलं. तसेच आले, ओल्या कपड्यांनी, माझ्या नव्या फरशीवर. पायांना गाळ, हातांना खवले चिकटलेले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "धाकटी म्हणाली? तळ्याला नदी नको, असं आपली धाकटी म्हणाली?" हे आतून म्हणाले, शिकलेली माणसं आहेत काका, मशीनने बघितलंय. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे. मग गेले.

मी दोनदा फरशी पुसली. फिनेल घालून तिसऱ्यांदा. तरी त्यांच्या पायांचे ठसे डोळ्यांसमोर येतात, काय करू?

पण तूच म्हणतेस ना गवत म्हणून? मग खरंच असेल. तुझ्यावर विश्वास आहे माझा. डबा सोबत आहे, ह्या वेळी जरा जास्तच भरलाय.

ताई

ता. ९ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र भाऊजींसमोर वाचू नकोस.

नायट्रोजनचे आकडे आले. नायट्रोजनचं असं असतं, की खाणाऱ्यात तो खाल्लेल्यापेक्षा एक पायरी वर चढतो. गवताची पायरी खालची, गवत खाणाऱ्याची त्याच्या वर, त्याला खाणाऱ्याची आणखी वर. तुझे मासे गवत खात असतील तर गायीची पायरी यायला हवी होती. आली वाघाची! मी मशीनवाल्याला शिव्या घातल्या, पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच.

मग डोक्यात लख्ख उजेड पडला. मका हे गवतच असतं गं. मक्याचा कार्बन अगदी गवतासारखाच. तुझ्या माशांनी गवत नाही खाल्लं आणि मकाही नाही खाल्ला. मका खाणाऱ्याला खाल्लंय. असा कोण आहे तळ्याकाठी, जो मका खातो, वर सुक्या माशांचा भुगा खातो म्हणून त्याची पायरी आधीच चढलेली, आणि ज्याचं मांस रोज पाण्यात पडतं?

मला उत्तर ठाऊक आहे, पण मला ते तुझ्याकडून ऐकायचंय. शेडचं पाणी कुठे जातं? आणि पाणीच जातं का?

ता. १६ नोव्हेंबर

शेंबडे,

काय ते वेडंवाकडं लिहितेस. वाघ काय, गाय काय. पलीकडच्या काठाला मक्याची शेतं आहेत, पुराने कणसं वाहून आली असतील. शेडला मोठी टाकी आहे असं हे म्हणतात. मी काही बघायला गेलेले नाही आणि बाईमाणसाने जायची ती जागाही नाही.

तू मला असले प्रश्न विचारत जाऊ नकोस. संसार माझा आहे, इथे राहायचं मला आहे. तुझं काय, आज ह्या नदीवर, उद्या त्या नदीवर.

ह्या वेळी डबा पाठवत नाही. मीठ संपलंय.

ताई

ता. २३ नोव्हेंबर

ताई,

तुझ्या घरात मीठ संपलं? तुझ्या? जिच्या फडताळात मिठाच्या बरण्या एकावर एक रचलेल्या असतात? बरं.

कणसं वाहून आली असती तर गायीचीच पायरी आली असती, ते मी सांगून झालंय. तू वाचलंस आणि कळून न कळल्यासारखं केलंस. मला तुझी किळस आली हे वाचताना. लिहून टाकते, मनात ठेवलं तर नासेल.

सरांकडे गेले होते. त्यांनी नाकावरचा चष्मा पुसत ऐकलं आणि म्हणाले, संशयावर मी खात्याला दिलेला शब्द फिरवणार नाही, पुरावा आण. त्यांचंही अगदी चूक नाही, नाव त्यांचं जाणार. मला तीन गोष्टी हव्यात. शेडमधून तळ्यात जे पडतं त्याची बरणी. तिथलेच चपटे, आतडी न काढता. आणि वरच्या तोंडाकडचे, काकांच्या जाळ्यातले, तेही न फाडता. पुढच्या लाँचने मिळालं तर बैठकीआधी आकडे लागतील. नाही मिळालं तर बांध होईल, काकांचं तोंड बंद होईल, तळ्याचंही, आणि खाली सही माझ्या कामाची असेल.

मी स्वतः आले असते, पण तिथे येऊन, नमुने घेऊन परत इथे पोहोचेपर्यंत बैठक होऊन जाईल. काका शेडच्या आवारात पाऊल टाकू शकत नाहीत. तू टाकू शकतेस, मालकीणबाई. मागच्या वेळी न सांगता जाडजूड बघून पाठवलेस. आता सांगून मागतेय.

शेंबडी

ता. २६ नोव्हेंबर

आमच्या हुशार मेहुणीबाईंना,

तुमच्या ताईसाहेबांची तब्येत जरा नरम आहे, म्हणून म्हटलं आपणच चार ओळी खरडाव्यात. तुमचं पत्र माझ्या हाती आलं. अहो, किती रागावता! लग्नात माझे जोडे पळवलेत तेव्हाही एवढ्या लाल झाला नव्हता.

आपण घरची माणसं, म्हणून स्पष्ट बोलतो. कोंबडीचं जे हॉटेलात जात नाही ते कुठेतरी जायलाच हवं. आता ते माशांच्या पोटात जातं. वाया काही जात नाही. तुमच्याच भाषेत, अन्नाची साखळी का काय ती. मासा खाताना त्याने काय खाल्लं हे बघत बसलं तर माणूस उपाशी मरेल. तुम्ही आधी गवत म्हणालात, सरांनी गवत म्हटलं, साहेबांनी गवत लिहून घेतलं. मग आता त्यात आणखी चमचा कशाला ढवळायचा? काकांना मी शेडवर राखणीला ठेवीन. बसून काम, टोपी मिळेल.

तुमच्या सरांना एक पेटी ताजे मासे ह्याच लाँचने पाठवले आहेत. एकेक बघा, हातात मावत नाही. तुम्हीही खा, वाळलात फार असं ऐकतो.

आपला,
भाऊजी

ता. २६ नोव्हेंबर, संध्याकाळ

शेंबडे,

तुझं पत्र ह्यांनी वाचून फडताळावर टाकलं होतं, ते मी काढून वाचलं. ह्यांचं पत्र ह्याच लाँचने येईल. ते पेटीबरोबर गेलंय. माझं पत्र काकांच्या हाती दिलंय, बरण्यांबरोबर.

तब्येत नरम आहे हे खरं, पण ते का, हे ह्यांना ठाऊक नाही. दुपारी हे साहेबांकडे गेले होते तेव्हा मी शेडवर गेले. पुढच्या दाराने. पांढऱ्या फरश्या खरंच आहेत, त्यात खोटं नाही. आतून मागच्या दाराला गेले तर तिथे फरशी संपते. मग सिमेंटचा एक पाइप आहे, माझ्या कमरेएवढा, आणि तो तळ्यात उघडतो.

कसं लिहू? तांबडा फेस होता, भाताच्या पेजेला येतो तसा, आणि त्यात पिसं, आतडी, पिवळे पाय. पायांची नखंसुद्धा होती. मी काठावर उभी राहिले तर पाणी हललं. मासे आले. माझी चाहूल लागून आले गं! मला वाटलं होतं माणूस बघून मासे पळतात. हे एकमेकांच्या अंगावर चढत होते, अर्धे पाण्याबाहेर, तोंडं उघडी. तो जाडा, थुलथुलीत मासा मी ओळखला. माझ्या हातांनी कितीदा पोट फाडलंय त्याचं. मी म्हणायचे, चरबी किती छान सुटलीय! एवढी आतडी काढून टाकली मी इतकी वर्षं, एकदाही आत काय आहे ते बघितलं नाही. नाक वळवून, एका झटक्यात ओढायची आणि नळ सोडायचा. घाण गेली की आपण स्वच्छ, इतकंच मला कळत होतं.

तिथेच ओकले मी. आणि सांगू? मासे तेही खायला आले.

मग बरणी बुडवली. हातमोजे होते खुंटीवर, पण घातले नाहीत. का ते मला विचारू नकोस. दोन मासे टोपलीने काढले, काढायला काही कसब लागलंच नाही, ते आपणहून येत होते. सगळं घेऊन काठाकाठाने काकांकडे गेले, चिखलातून, चपला हातात घेऊन. मला पुन्हा उमळून आलं तेव्हा त्यांनी माझे केस धरले आणि पाठीवरून हात फिरवला. त्या हाताला तोच वास होता, शेवाळाचा. मला तो इतका बरा वाटला की मी लहान मुलीसारखी रडले. "धाकटीने सांगितलंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं हो. लगेच उठले आणि जाळं घेऊन तोंडाकडे गेले. त्यांचे मासे दुसऱ्या बरणीत आहेत. हडकुळे आहेत. कुणाचंच काही काढलेलं नाही.

आणखी एक पुडी आहे. दचकू नकोस, केस आहेत, माझे. तूच म्हणाली होतीस ना मागे एकदा, की माणसाच्या केसांतही उतरतं तो काय खातो ते? जेवणात केस निघाला तर ताट उलटं करणारी मी, आज बहिणीला केस पाठवतेय. मशीनला लाव. माझ्यात काय निघतं ते मला कळू दे. मला माझ्या हातांची, तोंडाची, सगळ्याचीच शिसारी आलीय. आज दोनदा आंघोळ केली आणि काही उपयोग झाला नाही.

ह्यांना मी सांगणार आहे. बैठक झाल्यावर नाही, आज जेवायला बसले की.

ताई

ता. १७ डिसेंबर

ताई,

आधी हवं ते. बांध रद्द झाला. बैठकीत सरांनी स्वतः उभं राहून आधीचं मत मागे घेतलं. तोंड उघडं राहणार, आणि पाइपाची चौकशी लागणार. काकांना तूच सांग, ह्या खेपेला मी नाही म्हणत नाही.

सरांनी एवढं धाडस कसं केलं ते ऐक. भाऊजींची पेटी पोहोचली त्या दिवशी त्यांनी दोन मासे दुपारी चवीने खाल्ले होते. ते हात धूत होते आणि मी तुझ्या बरणीतल्या माशाचं पोट उघडत होते. आतून पीस निघालं, अख्खं, पांढरं, आणि त्याच्यामागून एक नख. सर ते बघत उभे राहिले. मग बाहेर कठड्याशी गेले आणि बराच वेळ आले नाहीत. त्यानंतर त्यांना आकड्यांची फारशी वाट बघावी लागली नाही. पण आकडेही आले. बरणीतलं आणि तिथले चपटे एकाच घरचे, बरोबर एका पायरीच्या अंतराने. काकांचे मासे मात्र शेवाळ, निव्वळ शेवाळ, इथल्या माशांसारखेच. नदी आत येते, थर वाढतो, मासे तो खातात. इतकं साधं होतं ते. माझ्या मोठ्या शोधाची माती झाली आणि बरं झालं. तुझ्या जाड्या माशांनी मला मोठं केलं असतं आणि मी ते होऊही दिलं असतं.

भाऊजी काय म्हणाले ते तू लिहिलं नाहीस. काकांच्या पत्त्यावरून तुझं कार्ड आलं, त्यावरून समजले. हवी तितकी राहा तिथे. मागच्या पत्रात तुझी किळस आली असं लिहिलं होतं, ते शब्द मी परत घेते, सगळे.

आता तुझ्या केसांचं. मशीनला लावले. एका केसाला सोबत हवी म्हणून शेजारी माझेही लावले. चेष्टाच म्हण, नदीवर राहणाऱ्या माणसाचा नमुना म्हणून. मला वाटलं होतं तुझ्यात पाइप निघेल आणि माझ्यात नदी. शेवाळात बसते, शेवाळ खरवडते, सगळीकडे त्याचाच वास, मग अंगात दुसरं काय असणार?

दोन्ही आकडे सारखे आले, ताई. अगदी सारखे. मी इथे नदीचा एकही मासा खात नव्हते, मला त्यांचा वास सहन होत नव्हता. मी तुझ्या डब्यातलेच खात होते. दर लाँचला त्याची वाट बघायचे.

पुढच्या लाँचने डबा पाठव. काकांकडचे हडकुळे दोन घाल. फाडू नकोस, धुऊ नकोस, आतडी मी काढीन.

तुझी,
शेंबडी